पॉइंट कोण, शूटर कोण

गेल्या रविवारी एक गृहस्थ मैदानावर मोबाइल माझ्या नाकासमोर धरून उभे राहिले. ऑफिस सांभाळून मी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी लहान मुलींना बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे असे पालक मला नवे नाहीत. "मॅडम, एवढा व्हिडिओ बघा आणि सांगा, पोरीला पॉइंटला घालू की शूटरला?" पोरगी शेजारीच होती. बारा-तेरा वर्षांची असेल. बुटाची नाडी चांगली बांधलेली होती, तरी ती सोडून परत बांधत बसली होती.

"तिला विचारलंत?" मी म्हटलं.

गृहस्थ हसले. "तिला काय कळतंय त्यातलं!"

माझी सटकली. "मग मलाही काही कळत नाही," मी म्हणाले आणि शिट्टी तोंडात घातली. नंतर त्यांनी माझ्या माजाबद्दल बऱ्याच जणांना सांगितलं म्हणे. सांगू देत. घरी येऊन मात्र मला जेवण गेलं नाही, कारण हा प्रश्न आमच्या घरात एकदा विचारून झालाय आणि त्याचं उत्तर कसं काढलं होतं ते मला चांगलं आठवतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच जणींत दोघी गार्ड असतात. पॉइंट गार्ड बॉल घेऊन वर, म्हणजे समोरच्या रिंगकडं, येते, कुणी कुठं पळायचं ते ओरडून सांगते, कुणाला बॉल द्यायचा ते ठरवते. शूटिंग गार्ड, म्हणजे शूटर, ती पळते, मोकळी जागा शोधते आणि बॉल आला तर मारते. आला तर. पॉइंटनं दिलाच नाही, तर शूटरनं सगळी मॅच नुसती धावाधाव करायची आणि घरी यायचं.

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून दीड वर्षानं मोठी. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या कॉलनीत एक सिमेंटचं कोर्ट होतं, त्याच्या एका टोकाच्या रिंगला जाळी होती आणि दुसऱ्या टोकाची नुसतीच लोखंडी कडी. तिथंच आम्ही शिकलो आणि तिथंच दोघी गार्ड झालो. एका टीमला दोन गार्ड लागतात, आमच्या घरात दोन गार्ड होत्या, म्हणजे खरं तर काहीच अडायला नको होतं. आमचे सर हेच म्हणायचे. सर भला माणूस. "आलटून पालटून खेळू द्या हो," म्हणायचे. आणि फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "मोठीचा हात सुंदर आहे. धाकटीला सगळं दिसतं, पाठीमागचंसुद्धा." म्हणजे ताई शूटर आणि मी पॉइंट. सरांनी इतकं सोपं करून ठेवलं होतं.

पप्पांना सोपं काही पटत नसे. पप्पा अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला होते. गाड्यांना लागणाऱ्या पिना तिथं बनायच्या. पिन तपासायला गेज असतं. पिन त्याच्या एका भोकातून आरपार गेली पाहिजे आणि दुसऱ्या भोकात अडकली पाहिजे. तसं झालं तर पास, नाहीतर लाल पेटीत. मधलं काही नसतं. शिवाय दर लॉटमधल्या थोड्या पिना मशीनवर तुटेपर्यंत दाबून बघतात, म्हणजे माल किती ताण घेतो ते कळतं. त्या तुटलेल्या पिनांचं पुढं काय करतात, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. "भंगार," पप्पा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

हाच कायदा त्यांनी घरी लावला होता. ताटात कुणी भाजी टाकली की रिजेक्ट. गणितात मार्क कमी पडले की रिजेक्ट. मम्मीची भाकरी करपली की ती लाल पेटीत. पाहुणे पोट धरून हसायचे. आम्हीही हसायचो, कारण हसलं नाही तर पुढचा नंबर आपला असायचा. स्वतः पप्पा कॉलेजात बास्केटबॉल खेळले होते, म्हणजे बाकावर बसले होते. हे मला मामानं सांगितलं, पप्पांनी नाही.

ताई दहावी होऊन अकरावीत गेली आणि मी दहावीत आले, त्या वर्षी पप्पांनी जाहीर केलं. आम्ही जेवत होतो. "जिल्ह्याच्या टीममध्ये ह्या घरातून एकच जाईल," ते म्हणाले. "दोघींच्या मागं पळायला मला टाइम नाय. जी पॉइंट होईल तिच्या मागं मी उभा राहीन. शूटर काय, गल्लोगल्ली मिळतात. दुसरीनं गपगुमान अभ्यासाला लागायचं."

"आणि सर म्हणतात ते?" मम्मी म्हणाली.

"सरांना पगार क्लबचा मिळतो. पोरी माझ्या हायेत."

मम्मीनं वाढायला घेतलं. ताईनं माझ्याकडं बघितलं आणि मी ताईकडं. त्या एका क्षणी आम्ही दोघी मिळून हसलो असतो, तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला अजून वाटतं. पण आम्ही हसलो नाही. मला पॉइंट व्हायचं होतं. तिलाही व्हायचं होतं. पप्पा आपल्या मागं उभे राहणार म्हणजे आपण या घरात कुणीतरी होणार, हे दोघींनाही न सांगता कळलं होतं.

मग रविवारी सकाळी तपासणी सुरू झाली. पप्पा घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणायचे, चहाचा थर्मास आणायचे आणि कोर्टाच्या कडेला मधोमध बसायचे. एकीनं बॉल टप्पे देत या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. तिला अडवायला आधी ते स्वतः यायचे. हात फारसे चालवायचे नाहीत, पण तोंड अखंड सुरू. मला म्हैस म्हणायचे, ढोली म्हणायचे, "तुझ्या पायाखाली सिमेंट फुटतंय बघ" म्हणायचे. ताईला काडी, मुकी, "वारा आला तर उडशील" वगैरे. पॉइंटवर समोरची सगळी टीम तुटून पडते, तिचं डोकं गरम होता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. ते काही चुकीचं नव्हतं. पण आम्ही हे सगळं जन्मापासून ऐकत आलेलो. बॉल दोघींच्याही हातून सुटेना.

काही रविवार असे गेल्यावर पप्पा वैतागले. खुर्चीत बसून त्यांनी चहा ओतून घेतला आणि म्हणाले, "मी वरवरचं बोलतोय. आतलं तुम्हाला एकमेकींचं माहितीय. आता तुम्हीच एकमेकींना अडवा. हात लावायचा नाय. तोंड मोकळं. काय पण बोला. जिच्या हातून बॉल सुटंल ती शूटर."

आम्ही दोघी एका गादीवर झोपायचो. बारा बाय दहाची आतली खोली, खाली एक मोठी गादी, अंधारात छताकडं बघत बोलायचं. एकीनं दुसरीला सांगितलं नाही असं काही आमच्यात शिल्लक नव्हतं. पप्पांना हे नेमकं ठाऊक होतं. आजही माझा सगळ्यात जास्त संताप होतो तो यावर.

माझी पाळी पहिली. मी बॉल घेतला, ताई समोर आली. वाकली, हात पसरले. आणि अगदी हळू, रोज झोपताना बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "माझ्या वेळी जिलबी वाटली होती. तुझ्या वेळी काहीच नाही."

हे मी तिला सांगितलेलं होतं. आदल्या उन्हाळ्यात सायखेड्याला, मामाच्या घरी, मामी शेजारणीशी बोलत असताना मी ऐकलं होतं. मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की जिलबी किंवा बर्फी, आणि दुसरीही मुलगीच झाली की बरीच घरं तोंड बंद ठेवतात. ते ऐकून मी गच्चीवर जाऊन रडले होते आणि ताईनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. "मामी येडी आहे," म्हणाली होती.

मी टप्पे देत राहिले. डावीकडं वळले. ती सोबत सरकली.

"पप्पा दवाखान्यात आलेच नाहीत," ती म्हणाली. "चार दिवस ओव्हरटाइम केला. मम्मीला मामानं घरी आणलं."

मी पप्पांकडं पाहिलं. ते हाताच्या अंतरावर बसले होते, त्यांना स्पष्ट ऐकू गेलं होतं. मला वाटलं, आता उठतील. म्हणतील, काय भंकस लावलीय, खोटं आहे हे. किंवा निदान मान तरी खाली घालतील. पप्पांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "चालू ठेव, मोठे. बरं चाललंय."

बॉल माझ्या हातून कधी सुटला ते मला कळलंच नाही. तो कोर्टाबाहेर घरंगळत गेला आणि गटारात पडला. मी तिथंच उभी राहून भोकाड पसरलं. दहावीतली घोडी, आणि कॉलनीतली बारकी पोरं सायकली थांबवून बघत होती.

"झालं," पप्पा म्हणाले. "धाकटी शूटर."

"आता ताईला मी अडवते," मी रडतच म्हटलं. माझ्याकडंही तिचं काही कमी नव्हतं. तिनं कुणाला काय लिहिलं, कुणाकडून परत काय आलं, सगळं मला पाठ होतं. "माझी पाळी आहे, पप्पा."

"एक तुटली म्हणजे दुसरी पास. दोन्ही कशाला तोडायच्या?" त्यांनी खुर्चीची घडी केली. ताई गटारातून बॉल काढायला गेली होती. तिनं तो ओढणीनं पुसला आणि माझ्याकडं न बघता घरी घेऊन गेली.

त्या दिवसापासून आमच्या गादीवरचं बोलणं बंद झालं. ती भिंतीकडं तोंड करायची, मी दाराकडं. ताई पॉइंट झाली. सरांनी एकदा पप्पांना समजावून पाहिलं, मग पप्पांनी क्लबातून आमची दोघींची नावं काढून घेईन म्हटल्यावर सरांनी विषय सोडला. टीमला दुसरी गार्ड हवीच होती, म्हणून सरांनी मला अभ्यासाला जाऊ दिलं नाही आणि मी शूटर झाले. माझा शॉट काही भयंकर नव्हता, पण ताईसारखा नव्हता. आणि बॉल आला तर ना! ताई काही मुद्दाम टाळायची नाही. एवढं मी तिच्या बाजूनं बोलते. ती बॉल घेऊन वर यायची आणि पास देण्याआधी एकदा जाळीपलीकडं उभ्या असलेल्या पप्पांकडं बघायची. तेवढ्या वेळात मोकळी झालेली पोरगी परत अडकायची. सर कपाळाला हात लावायचे. पप्पा ओरडायचे, "डोकं वापर, डोकं!"

मग सामन्यांचे दिवस आले आणि एका मॅचच्या सकाळी मला जाग आली ती पाठीला गार लागल्यानं. चादर ओली होती. मी उठून बसले. ताई आधीच उठली होती. न्हाणीघरात दिवा न लावता उकिडवी बसून, नळ बारीक सोडून सलवार धूत होती. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून धार बादलीच्या कडेला लावलेली. तिनं वर बघितलं. सोळा वर्षांची मुलगी, माझ्याहून उंच, माझ्या टीमची पॉइंट गार्ड.

मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू? वाटलं, घे, भोग आता. पण ते एवढंसंच टिकलं. मी आत गेले, चादर काढली, गादी उलटी केली. मम्मी उठून आली तेव्हा म्हटलं, "पाण्याची बाटली सांडली."

त्यानंतर प्रत्येक मॅचच्या आदल्या रात्री तेच. सकाळी ती सलवार धुवायची, मी चादर. एक शब्द बोलायचो नाही. एकदा चादर दोघींनी दोन टोकांना धरून पिळली, तेव्हाही नाही. मम्मी एकदा ओट्याशी उभी राहून म्हणाली, "मॅच असली का बरोबर बाटली सांडती गं तुमची." मी म्हटलं, "झाकण ढिलं आहे." मम्मीनं माझ्याकडं बघितलं, मग पोळी उलटली. तिला कळलं होतं. पण पप्पांनी पास केलेल्या मालात खोट आहे असं बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, तिची तर नव्हतीच.

जिल्ह्याच्या टीमची निवड पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात झाली. सरांनी दोघींचीही नावं पाठवली होती, म्हणून सकाळी सकाळी थंडीत आम्ही तिघं एका स्कूटरवर गेलो, पुढं पप्पा, मध्ये मी, मागं ताई. ताईच्या केसांना ओल्या टॉवेलचा वास येत होता. त्या सकाळीही आम्ही दोघींनी आपापली कामं केली होती.

निवड करायला एक बाई आल्या होत्या, जुन्या खेळाडू, कडक. दुपारपर्यंत त्यांनी जवळजवळ सगळी टीम घेतली आणि मग म्हणाल्या, "एक गार्ड घ्यायची राहिलीय. मला बॉल वर आणणारी हवी." राहिलेल्या पोरींच्या दोन टीम केल्या. ताईला एकीकडं टाकलं, मला दुसरीकडं. त्यांना आम्ही बहिणी आहोत हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्यांनी तसंच केलं असतं म्हणा. एक जागा आणि आम्ही दोघी.

ताई बॉल घेऊन निघाली. मी पुढं होऊन तिला अडवलं. तेवढ्यात जाळीमागून पप्पांचा आवाज आला. मला वाटलं, ते तिला काहीतरी सांगतायत. वर्षभर तिच्याच मागं उभे होते ना. पण नाही.

"धाकटे, तोंड उघड!" ते ओरडले. "मुकी झालीस का? बोल तिला! काय पण बोल!"

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. त्यांना काय, दोघींतली कोणतीही चालणार होती. एक तुटली की दुसरी पास.

ताईनंही ते ऐकलं. ती टप्पे देत होती, पण बघत होती माझ्या तोंडाकडं. बॉलकडं नाही, कोर्टकडं नाही, पप्पांकडंही नाही. मी काय बोलू शकते ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. माझ्या मनात जिलबी आली, गटारात पडलेला बॉल आला, थर्मासचं झाकण आलं. आणि मग ती अंधारात बसून सलवार धुणारी आली. त्यातलं काही मला तिला बोलवेना. पण ती इतकी घाबरली होती की तिला काहीतरी सांगणं भाग होतं. मी अगदी हळू म्हटलं, "ताई, मी नाही बोलणार."

देवाशप्पथ सांगते, मी ते मायेनं म्हटलं होतं.

बॉल तिच्या स्वतःच्या बुटावर आपटला आणि माझ्याकडं आला. मी तो घेऊन पळाले आणि बास्केट केली. काय करणार होते? बॉल हातात आला की पाय आपोआप पळतात. पुढच्या वेळी ती परत आली, मी काहीच बोलले नाही, तरी तिनं बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि उभीच राहिली. शिट्टी वाजली आणि बॉल आमच्या टीमला मिळाला. त्यानंतर बॉल माझ्याकडंच राहिला. मी वर आणत होते, ओरडून पोरींना जागा सांगत होते, आणि सांगायला चीड येते, पण मला सगळं दिसत होतं. अगदी पाठीमागचंसुद्धा. सर खरं बोलत होते.

बाईंनी मला बोलावलं. "पॉइंटलाच खेळतेस ना तू?"

मी तोंड उघडायच्या आत जाळीमागून पप्पा म्हणाले, "हो हो मॅडम, पॉइंटच. पहिल्यापासून."

ताई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. टी-शर्टच्या बाहीनं तोंड पुसत होती.

परत निघताना पप्पांनी स्कूटर सुरू केली, मला मागं बसवलं आणि ताईला म्हणाले, "तू सिटी बसनं ये. तिघं लय अडचण होती." सकाळी झाली नव्हती ती अडचण. मी उतरायला हवं होतं की काय, कोण जाणे, स्कूटर निघालीसुद्धा. त्र्यंबक नाक्याला त्यांनी मला गरम जिलबी घेऊन दिली. मी खाल्ली नाही. "डाएट का?" म्हणाले आणि स्वतः खाल्ली.

रात्री जेवायला बसलो. पिठलं-भाकरी होती. पप्पा खुशीत होते. "ए, काय बोललीस गं तिला?" त्यांनी मला विचारलं. "एका वाक्यात गारद केलीस. काय होतं असं?"

"काही नाही."

"लपवती काय? बापाला सांगायला काय हरकत?"

"पप्पा, खरंच काही नाही बोलले."

"मोठे, तू सांग. काय म्हणाली ही?"

ताईनं घास खाली ठेवला. "ती म्हणाली, मी नाही बोलणार," ताई म्हणाली.

"काय नाही बोलणार?"

"मी मॅचच्या आदल्या रात्री गादी ओली करते. वर्षभर करतेय. ही चादर धुते." सरळ, धडा वाचावा तसं म्हणाली. "ते."

मम्मीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता तरी. पप्पांनी ताईकडं बघितलं. मग भाकरीचा तुकडा मोडला.

"मग आधी का नाय सांगितलं?" ते म्हणाले. "वर्षभर चुकीची पोरगी पॉइंटला खेळवली ना मी!"

बस्स. एवढंच. ते खरोखर वैतागले होते, वर्ष वाया गेलं म्हणून. मग माझ्याकडं वळून उद्यापासून डाव्या हाताची किती प्रॅक्टिस करायची ते सांगू लागले. मी ऐकत होते. हो, ऐकत होते! आवाज माझ्यासाठी होता, घरातली खुर्ची, थर्मास, रविवार, सगळं आता माझ्यासाठी होतं. ताई उठली, स्वतःचं ताट घासून ठेवलं आणि आत गेली.

त्या रात्री मम्मीनं ताईच्या बाजूला गादीवर, चादरीखाली प्लॅस्टिक घातलं. द्राक्षबागेवर झाकतात तसलं जाड प्लॅस्टिक, मामाकडून आणलेलं. सगळ्यांच्या देखत घातलं. तिला वाटलं असेल, आता कळलंच आहे तर लपवायचं कशाला. ते चुरचुर वाजायचं. ताई कूस बदलायची आणि पप्पांना बाहेरच्या खोलीत ऐकू जायचं. पण ताईला त्याची गरज पडली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर टाकले आणि परत कोर्टवर पाय ठेवला नाही. सर दोनदा घरी येऊन गेले. तिच्यासारखा शॉट त्यांनी या जिल्ह्यात पाहिला नव्हता, असं त्यांनी दारात उभं राहून सांगितलं. पप्पा म्हणाले, "बघू." ती कॉलेजला जायची, यायची, जेवायची. रात्री शांत झोपायची. गादी कोरडी.

राज्याच्या स्पर्धेला मी निघाले त्या सकाळी पप्पा खाली स्कूटर पुसत होते. मम्मी डबा भरत होती. मी आत बॅग भरत होते. किट, टॉवेल, बूट. ताई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, ऑल द बेस्ट म्हणेल, नाहीतर शिवी देईल. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. ती आत आली, चादरीचं टोक उचललं, ते प्लॅस्टिक ओढून काढलं, व्यवस्थित चौकोनी घडी केली आणि माझ्या बॅगेत, किटच्या खाली, तळाशी ठेवलं. वरून चेन लावली.

"राहू दे तुझ्याकडं," ती म्हणाली.

कित्येक दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. मला इतका राग आला की तिच्या अंगावर बॅग फेकावीशी वाटली. पण खालून पप्पांनी हॉर्न वाजवला आणि मी निघाले. रस्ताभर ठरवत होते, पोचल्यावर पहिलं काम म्हणजे ते कचऱ्यात टाकायचं. पोचल्यावर टाकलं नाही. संध्याकाळी पप्पांचा फोन आला, उद्या कसं खेळायचं ते सांगत होते, मी हो पप्पा, हो पप्पा म्हणत होते. फोन ठेवला, बॅग उघडली, आणि खोलीतल्या बाकीच्या पोरी जेवायला गेलेल्या बघून ते प्लॅस्टिक माझ्या गादीवर चादरीखाली अंथरलं. सकाळी चादर ओली होती. मला ते लागलं.